सव्वा महिन्यानंतर

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत बाळंतिणीचे पहिले चाळीस दिवस आखून ठेवलेले असतात. पहिलं बाळंतपण माहेरी. सकाळी न्हाऊ घालणारी बाई येते, बाळाला आणि मग आईला तेल लावून चोळते, कढत पाणी अंगावर ओतते, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी देते. पोट घट्ट बांधलं जातं, कानाला रुमाल येतो आणि बाळंतिणीला खाटेवर आडवं केलं जातं. मधल्या वेळी हळिवाची खीर किंवा डिंकाचा लाडू. जेवायला तूप घातलेला मऊ भात, मेथीची भाजी, आणि वर चघळायला बाळंतशेपा. दुपारी घरात कोणी मोठ्यानं बोललं तर आजी डोळे वटारते, कारण बाळंतीण झोपलेली असते.

या रिवाजातलं सगळंच जपण्यासारखं नाही. अंगावर पाजणाऱ्या आईचं पाणी तोडणं, तिला फळं न देणं, दारं-खिडक्या लावून शेगडीचा धूर खोलीत कोंडणं या गोष्टी आईला आणि बाळाला अपायकारकच आहेत. मुलगी झाली म्हणून लाडवांचं तूप कमी झालेली घरंही महाराष्ट्रानं पुष्कळ पाहिली आहेत. पण रिवाजाचा गाभा भक्कम होता. चाळीस दिवस स्वयंपाक दुसरं कोणीतरी करायचं, दुपटी दुसरं कोणीतरी धुवायचं आणि आईनं दिवसाढवळ्या झोपायचं, हे सगळ्यांना मान्य होतं. तिला त्यासाठी परवानगी मागावी लागत नसे.

मग सव्वा महिना होतो. पाळणा, बाळंतविडा आणि बाळ घेऊन ती सासरी किंवा आपल्या दोन खोल्यांच्या घरी परतते आणि ही सगळी व्यवस्था एका दिवसात संपते. बाळ मात्र अजून सहा आठवड्यांचंच असतं. रात्री तीनदा उठतं, दिवसातून आठ-दहा वेळा पितं. पुढची पाच-सहा वर्षं त्याला सतत कोणीतरी लागणार असतं. त्या वर्षांसाठी आपल्याकडे रिवाज नाही, फक्त सल्ला आहे: ‘स्वतःकडे लक्ष दे, स्वतःसाठी वेळ काढ.’ वेळ काढायचा कुठून, हे सल्ला देणारा सांगत नाही. लहान मुलाच्या आईला किंवा बापाला मिळणारा प्रत्येक मोकळा अर्धा तास दुसऱ्या कोणीतरी दिलेला असतो. म्हणून पालकांनी स्वतःची काळजी घेण्याचा प्रश्न आधी घराचा आणि मग त्या एका माणसाचा आहे.

सुरुवात झोपेपासून करावी, कारण सगळ्यात आधी तीच जाते. जर्मनीत २००८ ते २०१५ या काळात साडेचार हजारांहून अधिक आईवडिलांना दरवर्षी त्यांच्या झोपेबद्दल विचारलं गेलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाळ झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप आधीच्या तुलनेत तासाभरानं घटली होती, वडिलांची पाव तासाच्या आसपास. हे कोणालाही अपेक्षित वाटेल. पण पहिलं मूल सहा वर्षांचं झालं तरी दोघांचीही झोप पूर्वपदावर आलेली नव्हती. घरात पैसा जास्त असला तरी त्यात फारसा फरक पडला नव्हता.

झोप मोडत राहिली की माणूस चिडतो, विसरतो, छोट्या गोष्टीनं रडकुंडीला येतो. अशा वेळी त्याच्या स्वभावाची चर्चा करण्यात काही अर्थ नसतो, त्याला सलग चार-पाच तास झोपू द्यावं लागतं. त्यासाठी रात्र वाटून घ्यावी लागते. बाळ अंगावर पीत असलं तरी पाजणं सोडून बाकीचं सगळं वडील करू शकतात: ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं. रात्री नऊ ते एक बाळ वडिलांकडे, फक्त भूक लागली तर आईजवळ न्यायचं आणि लगेच परत आणायचं, एवढी एक व्यवस्था बसली तरी आईचा दुसरा दिवस निराळा उजाडतो. दिवसाचंही तेच. ‘बाळ झोपलं की तूही झोप’ हे प्रत्येकजण सांगतो आणि बाळ झोपलं की ओट्यावर भांडी वाट पाहत असतात. भांडी थांबू शकतात हे घरातल्या इतरांनी मोठ्यानं म्हटल्याशिवाय ती आडवी होत नाही.

जेवणाचीही तीच गत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे साधारण दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि एक पेला दूध, नेहमीच्या जेवणावर. लाडू संपल्यावर हे जास्तीचं अन्न तिच्या ताटात येतं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजीचा तळ येतो, हे त्या आकड्यामागचं एक कारण तरी नक्की आहे. तिनं आधी जेवायचं आणि ती जेवताना बाळ दुसऱ्याच्या मांडीवर असायचं, हा नियम कोणत्याही घराला आजपासून पाळता येईल. त्याला एक पैसाही लागत नाही.

मनाचं दुखणं शरीराच्या थकव्याइतकं उघड दिसत नाही. ते मोजायचं महत्त्वाचं काम आपल्या शेजारी गोव्यात झालं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या आझिलो इस्पितळात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांची नोंद घेतली आणि बाळंतपणानंतरही त्यांना गाठून त्यांच्याशी बोलणं चालू ठेवलं. २००२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के आयांना नैराश्य होतं. यांतल्या बहुतेकींची मनःस्थिती गरोदरपणातच बिघडलेली होती, आणि अर्ध्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही सावरलेल्या नव्हत्या.

सहा ते आठ आठवडे म्हणजे सव्वा महिना नुकताच उलटून गेल्याचा काळ. लाडू संपलेले, माणसं पांगलेली, आणि बाळंतीण आता ‘बरी’ झाली असं सगळ्यांनी धरून चाललेलं. या पथकानं आयांना त्यांच्या दुःखाचं कारण विचारलं तेव्हा त्यांनी आजाराचं नाव घेतलं नाही. त्या घरातल्या पैशाच्या ओढाताणीबद्दल आणि नवऱ्याशी बिनसलेल्या नात्याबद्दल बोलल्या. आकडेवारीनंही तेच सांगितलं. गरिबी आणि बिघडलेला संसार असलेल्या घरांत नैराश्य जास्त होतं, टिकतही जास्त होतं. नवऱ्याची मारहाण आणि उपासमार यांचा आईच्या मनावर किती खोल परिणाम होतो, हे मुलगा झाला की मुलगी यावरही अवलंबून होतं. आईच्या नैराश्याचा बाळाच्या वाढीशी असलेला संबंधही याच पथकानं पुढच्या वर्षी दाखवला. खचलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांनी वजनाला आणि उंचीला कमी भरत होती.

२०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात देशभरातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं. प्रसूतिगृहातून घरी जाणाऱ्या दर पाच आयांमागे एकीला हा त्रास होतो. तरीही बाळंतपणानंतरच्या तपासणीला गेलेल्या किती जणींना टाके आणि दूध सोडून मनाबद्दल एखादा प्रश्न विचारला जातो? त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरली जाते. तिच्यात मागच्या सात दिवसांबद्दलचे फक्त दहा प्रश्न आहेत. हसू येतं का, उगाच स्वतःला दोष दिला जातो का, झोपायला मिळालं तरी झोप लागत नाही का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, अशा स्वरूपाचे. चहा होईपर्यंत भरून होते.

उपायाच्या बाबतीत शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखं आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत मानसोपचारतज्ज्ञ अतिफ रहमान यांनी आपल्या ‘आशां’सारख्या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना साध्या मानसोपचाराचं शिक्षण दिलं. त्या घरोघर जाऊन खचलेल्या आयांशी बोलू लागल्या आणि त्यांतल्या पुष्कळ जणी खरोखर सावरल्या. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हा अभ्यास छापला, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती पद्धत स्वीकारली. पुढे गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं आणखी एक पाऊल टाकलं. आरोग्यसेविकांऐवजी त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या साध्या बायकांना प्रशिक्षण दिलं. आईच्या घरी जाऊन, तिच्या शेजारी बसून त्या एवढंच ठरवत: उद्या कोणती एक गोष्ट करायची ज्यानं जिवाला बरं वाटेल, आणि त्या वेळी बाळ कोणाकडे असेल. २८० स्त्रियांवर याची पारख झाली. परिणाम मोठा नव्हता, पण होता, आणि खर्च अगदी कमी. सगळं या दुसऱ्या प्रश्नात आहे. बाळ कोणाकडे असेल, हे ठरल्याशिवाय आवडती गोष्ट ठरवून उपयोग नाही.

आईला थांबवणारी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे अपराधीपण. मूल रडतंय आणि मी आंघोळीला पाच मिनिटं जास्त घेतली. मूल पाळणाघरात आणि मी मैत्रिणीबरोबर चहा प्यायले. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होते, मनोविश्लेषकही होते. १९४० च्या दशकात बीबीसी रेडिओवरून ते आयांशी बोलत. मुलाला परिपूर्ण आईची गरज नसते, ‘पुरेशी चांगली’ आई हवी असते, हे त्यांचं मत पुढे जगभर गेलं. सुरुवातीला आई बाळाच्या प्रत्येक हाकेला धावते, मग हळूहळू थोडा उशीर होतो, थोडं चुकतं, आणि त्या उशिरातच बाळ जगाशी जुळवून घ्यायला शिकतं.

हे नुसतं समजूत घालणं नव्हतं, हे एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कामावरून कळतं. १९७० च्या दशकात त्यांनी एक प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईनं काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, मग ओरडतं, शेवटी मान वळवून रडू लागतं. आई पुन्हा हसली की काही क्षणांत दोघांचं सूत जुळतं. या प्रयोगाची चित्रफीत पाहून अनेक पालक घाबरतात. पण ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. उत्तम नातं असलेल्या आई-बाळांतही दोघांचे भाव जुळलेले असतात ते जेमतेम तीस टक्के वेळ. उरलेल्या वेळात ते चुकत असतात आणि चूक दुरुस्त करत असतात. मूल सुरक्षित होतं ते या दुरुस्तीतून. दमलेल्या आईनं अर्धा तास पाठ टेकून नंतर हसऱ्या चेहऱ्यानं बाळाला जवळ घेणं मुलाच्या हिताचंच आहे.

मराठीत ही चर्चा नवी नाही. पुण्यातून १९८७ पासून निघणारं ‘पालकनीती’ मासिक, पुण्याचंच गरवारे बालभवन आणि ते घडवणाऱ्या शोभा भागवत यांचं लेखन यांनी पालक होण्याचा विचार सोप्या मराठीत घरोघर नेला. मुलाला न मारता कसं वाढवायचं, हे कितीतरी आईवडील त्यातून शिकले. आता पुढचा धडा हवा आहे: स्वतःला न झिजवता मूल कसं वाढवायचं.

झिजण्याला गेल्या काही वर्षांत शास्त्रीय नावही मिळालं आहे. बेल्जियममधल्या लूवाँ विद्यापीठातल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलाइचाक या दोघी ‘पालकत्वातल्या बर्नआउट’चा अभ्यास करतात. त्याची लक्षणं ठळक आहेत. सकाळी उठल्यावर मुलांचा दिवस समोर दिसला तरी थकायला होतं. मी पूर्वीसारखी आई राहिले नाही, हे खुपत राहतं. मुलांचं खाणंपिणं, शाळा सगळं होतं, पण यंत्रवत, माया आटल्यासारखी वाटते. नैराश्यात सगळ्याच गोष्टींचा रंग उडतो. बर्नआउटमध्ये नोकरीत, मित्रांत माणूस ठीक असतो, घरी पाऊल टाकलं की कोसळतो. टोकाला गेलेल्या बर्नआउटमध्ये घर सोडून निघून जाण्याचे विचार, मुलांकडे दुर्लक्ष आणि मुलांवर हात उचलणं हे सगळं वाढतं, असं याच संशोधनात दिसलं. परिपूर्ण पालक होण्याचा हट्ट हे बर्नआउटचं एक मोठं कारण.

या दोघींनी इतर संशोधकांच्या मदतीनं ४२ देशांतल्या १७ हजारांहून जास्त पालकांची पाहणी केली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. बर्नआउटचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते श्रीमंत, व्यक्तिवादी पाश्चात्त्य देशांत. पैसा, पाळणाघरं, धुण्याची यंत्रं असलेल्या या घरांत आईवडील एकटे होते. मानववंशशास्त्रज्ञ सारा ब्लॅफर हर्डी यांनी ‘मदर्स अँड अदर्स’ या २००९ च्या पुस्तकात मांडलेला सिद्धान्त इथे आठवतो. चिंपांझीची आई आपलं पिल्लू महिनोन्महिने कोणाच्या हातात देत नाही. माणसाचं बाळ मात्र सुरुवातीपासून अनेक हातांत वाढत आलं: आजी, मावशी, मोठी बहीण, शेजारीण. एका आईनं एकटीनं मूल वाढवावं अशी माणसाची रचनाच नाही. टांझानियातल्या हाद्झा लोकांत कंद खणून आणणाऱ्या आज्यांमुळे नातवंडं कशी तगतात, हे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांनी दाखवलं. चाळीच्या सामाईक गॅलरीत एकाच्या मुलाला दुसऱ्याच्या घरी भात भरवला जाई, तेही याच जातीचं. फ्लॅटचं दार बंद झालं आणि ते हात कमी झाले.

संध्याकाळी साडेसहाला कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या पाळणाघराच्या दारात उभं राहावं. आया लोकलमधून उतरून थेट येतात. खांद्याला पर्स, हातात मेथीची जुडी, फोनवर ऑफिसचा मेसेज वाजतोय. दोन वर्षांचं पोर धावत येऊन पायाला मिठी मारतं आणि लगेच रडायला लागतं, कारण दिवसभर आवरून धरलेलं सगळं त्याला आता आईपाशी सोडायचं असतं. घरी गेल्यावर पोर कडेवरून उतरत नाही, म्हणून एका हातानं पोळ्या लाटल्या जातात. नवरा नऊला येतो. त्यांतल्या काही जणींनी आपापला उपाय शोधलेला असतो. गाडीतून उतरल्यावर पाळणाघरात जाण्याआधी दहा मिनिटं स्टेशनबाहेर कुठेतरी बसायचं. काही करायचं नाही, फोनही बघायचा नाही. मूल तितका वेळ सुरक्षित आहे आणि ऑफिस संपलं आहे. ही दहा मिनिटं चोरलेली वाटतात, पण ती त्यांच्या हक्काची आहेत.

हक्क कागदावर थोडेफार आहेतही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसात दोन वेळा सुट्टी घेता येते, हे तर दुरुस्तीच्या आधीपासूनच कायद्यात आहे आणि तरी पुष्कळ आयांना ठाऊक नसतं. राज्य सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. वडिलांच्या बाबतीत मात्र कायदा गप्प आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात, खासगी नोकरीत सगळं मालकाच्या मर्जीवर.

बापाच्या रजेनं आईच्या तब्येतीवर किती फरक पडतो, हे स्वीडननं मोजून दाखवलं आहे. २०१२ मध्ये तिथल्या नियमात छोटा बदल झाला. पहिल्या वर्षात वडिलांना आईच्या बरोबरीनं, हवी तेव्हा, तुकड्यातुकड्यांत तीस दिवसांपर्यंत रजा घेण्याची मुभा मिळाली. त्यानंतर बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांत आयांना लिहून दिली जाणारी चिंताविकाराची औषधं २६ टक्क्यांनी घटली. वडिलांनी मुळात मोजकेच दिवस जास्त घेतले होते. आई तापली आहे, रात्रभर जागली आहे, आज मी घरी थांबतो, असं म्हणता येण्याची सोय झाली, एवढाच तो बदल.

आपल्याकडचं चित्र राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं. २०१९ मध्ये दिवसाभरात काही ना काही घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के होत्या, पुरुष २६ टक्के. अशा स्त्रीची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. २०२४ च्या फेरीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया आणि २१.४ टक्के पुरुष घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळले. स्त्रीची १४० मिनिटं, पुरुषाची ७४. बायकोनं स्वतःकडे लक्ष द्यावं असं ज्या नवऱ्याला मनापासून वाटतं, त्यानं या आकड्यांत आपली जागा शोधावी.

बापही कोसळतात. २०१० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात बाळाच्या आगमनाच्या काळात दहा टक्क्यांच्या आसपास वडिलांना नैराश्य आढळलं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना ते सर्वांत जास्त होतं. पुरुषाचं दुःख बहुतेकदा चिडचिड होऊन बाहेर येतं, त्यामुळे घरात ते ओळखलं जात नाही.

ज्यांच्याकडे रजाही नाही आणि दार लावता येईल अशी खोलीही नाही, त्यांचं काय? बीडहून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला कारखान्याच्या भाषेत ‘कोयता’ म्हणतात. त्यातली बाई पहाटे फडात उतरते तेव्हा तान्हं मूल बांधाशी झोळीत असतं. तिला स्वतःची काळजी घ्यायला सांगण्यात अर्थ नाही, तिला फडाजवळ पाळणाघर हवं. बांधकामांवर ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेनं हे केलं. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पहिलं पाळणाघर तंबूत सुरू केलं, पुढे मुंबई-पुण्यातही ते काम पोचलं. त्याच्याही आधी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या टेकडीवर पाहिलं होतं, की आदिवासी मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मग तिथल्या ‘विकासवाडी’ प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली. बाळं पाळण्यात, ताई वर्गात आणि आई रानात निर्धास्त. मुलांची शाळा वस्तीच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाईंच्या अंगणवाडीचं नाव १९७५ पासून देशभरच्या केंद्रांना मिळालं. पण आपली बहुतेक अंगणवाडी केंद्रं दिवसातले काही तासच चालतात आणि तीन वर्षांखालच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. कष्टकरी आईच्या तब्येतीसाठी कोणी एकच गोष्ट मागायची ठरवली, तर ती पूर्ण वेळ चालणारी अंगणवाडी मागावी.

मूल नेहमीच दुसऱ्याकडे देता येईल असंही नाही. दिवसाचा मोठा भाग ते जवळच असतं, आणि त्याच्या सोबतीनंही स्वतःला पुष्कळ काही देता येतं. बाळंतपणानंतर प्रकृती ठीक असलेल्या स्त्रीनं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीच संघटना एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात तीन तास हालचाल हवी असंही सांगते. दोन्ही गरजा एकाच मैदानावर भागतात. मूल तीनचाकी हाणत पुढे, आई किंवा बाबा भराभर चालत मागे, अर्ध्या तासात दोघांनाही घाम. सिझेरियन झालेल्या आईनं डॉक्टरांना विचारून, हळूहळू वाढवत जावं.

मूल जवळ असताना घरकामही त्याच्या सोबतीनं होऊ शकतं. ताराबाई मोडक माँटेसोरी शिक्षणपद्धतीच्या वाटेवरच्या. लहान मुलाला खेळण्यापेक्षा खरं काम आवडतं, हे बालवाड्यांत रोज दिसतं. तीन-चार वर्षांचं मूल मटार सोलतं, कोथिंबीर निवडतं, रुमालाच्या घड्या घालतं. त्याला कामात घेतलं तर ओट्याशी उभी असलेली आई एकटी राहत नाही. सुरुवातीला पसारा वाढतो आणि वेळ दुप्पट लागतो, महिन्या-दोन महिन्यांनी खरोखर हातभार लागायला लागतो. तसंच वाचनाचं. मूल ठोकळे रचतंय आणि शेजारी बाबा स्वतःचं पुस्तक वाचतायत, हे दृश्य आपल्या घरांत क्वचित दिसतं. मूल जागं असलं की त्याच्याशी खेळलंच पाहिजे, असं आपण धरून चालतो. एकट्यानं रमायची सवय मुलाला पाच-पाच मिनिटांनी लागते. ‘आता वीस मिनिटं माझ्या वाचायची, मग आपण खेळू’ हे वाक्य तीन वर्षांच्या मुलाला कळतं आणि सांगितल्याप्रमाणे नंतर खेळलं की ते त्यावर विश्वासही ठेवतं. फोनमध्ये डोकं घालून त्याच्या शेजारी तासभर बसण्यापेक्षा हे दोघांनाही जास्त मानवतं.

आजी-आजोबांनाही या हिशेबात धरायला हवं. साठी-पासष्टीच्या गुडघ्यांनी दोन वर्षांच्या मुलामागे दिवसभर धावणं हे पूर्ण वेळेचं कष्टाचं काम आहे. त्यांचं फिरायला जाणं, त्यांचं भजनी मंडळ, त्यांची दुपारची झोप नातवंडामुळे बंद पडली असेल, तर घरातली थकलेली माणसं दोनाची चार झाली एवढंच. रविवार त्यांना मोकळा द्यावा.

आणि दुखणं घरच्या उपायांच्या पलीकडे गेलं असेल, तर वाट पाहू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणं, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जायचं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार असतील तर त्याच दिवशी, आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार आहेत, आणि अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं डॉक्टर देऊ शकतात.

आप्तेष्टांकडे एक मागणं आहे. बाळ बघायला जाताना आणखी एक झबलं-टोपडं नेऊ नका. बाळ सहा आठवड्यांचं होऊ द्या, सगळी गर्दी ओसरू द्या आणि मग जा. पोळी-भाजीचा डबा न्या, हात धुऊन बाळाला मांडीवर घ्या, त्याच्या आईला आतल्या खोलीत झोपायला पाठवा आणि दोन तास तिथेच बसा. निघताना पुढच्या आठवड्यातला वार ठरवून निघा.